लोकरीचा दोरा

राणीच्या चांगल्या पायाच्या घोट्याला बांधलेला काळा दोरा कापायला नर्स प्रीतीने कात्री उचलली, तशी दगडाबाईंनी तिचं मनगटच धरलं.

“आगं बाई, त्यो न्हाई कापायचा. सिद्धनाथाच्या नावानं बांधलाय. आमच्याच मेंढरांची लोकर हाय.”

“म्हणूनच काढायचा, आजी. लोकर आत चालत नाही.”

आत म्हणजे त्या जाड काचेच्या लांबट नळकांड्यात. सात वर्षांच्या राणीच्या दुसऱ्या पायात जंतुसंसर्ग पार खोलवर शिरला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी सडलेलं मांस काढलं होतं, शिरेतून औषधं चालू होती. त्यांच्या जोडीला आता दाबाखालचा ऑक्सिजन द्यायचा होता. एवढं करूनही भागलं नाही तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हसवडहून नातीला कडेवर घेऊन आलेल्या दगडाबाईंना आधार काय तो त्या दोऱ्याचा, आणि नेमका तोच ही पोरगी कापायला निघालेली.

शेवटी कुरकुरत त्यांनी दोरा स्वतःच सोडला आणि ओच्यात खोचल्यासारखं केलं. राणीच्या केसांतलं तेल धुऊन झालं, आजीने तिला सुती कपडे घातले. प्रीती दिवसभर हेच काम करायची. पण प्रत्येक पोराशी पहिल्यांदाच बोलत असल्यासारखी बोलायची. लय गुणाची पोर. दगडाबाईंनाही ते पटलं होतं, पण बोलून दाखवतील तर शपथ.

“कानात दडे बसले की आवंढा गिळायचा,” प्रीती राणीला म्हणाली. “मी इथंच काचेजवळ आहे.”

राणीने मान हलवली. एक मूठ मात्र आवळलेलीच होती.

“लोकरीनं असं काय हुतंय गं?” दगडाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“थंडीत अंधारात घोंगडं झटकलं की चटचट ठिणग्या दिसतात ना, आजी? बाहेर त्याचं काही नाही. आत सगळा ऑक्सिजन. पेट घ्यायला तेवढी ठिणगीही पुरते.”

दगडाबाईंचा चेहरा उतरला. उभा जन्म मेंढरांमागे माळावर गेलेला. घोंगड्यातल्या ठिणग्या दाखवून त्यांनीच राणीला कितीदा हसवलं होतं. प्रीतीने राणीला आत सरकवायला घेतलं.

“थांब,” त्या म्हणाल्या. पुढे होऊन त्यांनी राणीची मूठ उघडली. दोरा तिथंच होता, घामाने ओला. कपडे घालताना त्यांनीच तो दिला होता.

प्रीतीने राणीला पुन्हा बाहेर ओढलं. ती चिडली असती तर दगडाबाईंना बरं वाटलं असतं. तिने राणीची दुसरी मूठ पाहिली, कपडे पुन्हा चाचपले आणि मग आपला हात पुढे केला.

“माझ्या मनगटाला बांधा. काचेतून दिसेल तिला.”

रोज तसंच चाललं. राणी आत पडल्यापडल्या त्या मनगटाकडे बघत आवंढे गिळायची. हळूहळू जखमेत लाल, ताजं मांस धरलं, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, पाय काढायचं आता डोक्यातून काढून टाका. दगडाबाई तोंडाला पदर लावून मनसोक्त रडल्या.

घरी निघायच्या दिवशी प्रीती दोरा परत द्यायला गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. तिने कात्री उचलली, तसा तोच हात पुन्हा तिच्या मनगटावर आला.

“त्यो न्हाई कापायचा,” दगडाबाई म्हणाल्या. “उद्या दुसरं पोरगं आत जाईल. त्यानं कुणाकडं बघायचं?”