पाटी नसलेलं झाड

"मावशी, त्या मेलेल्या झाडाची पाटी उचला आणि त्या जांभळीच्या झाडाला लावा. देणगीवाले आजोबा फाटकाशी आलेत," सुपरवायझर म्हणाला.

मी हातातला पाइप खाली ठेवला. नेमकं तेच झाड त्याला दिसावं.

"ते नको. दुसरं बघा ना."

"दुसरं कुठलं? बाकी सगळ्यांना पाट्या आहेत. रिकामं तेवढंच."

आमच्या जंगलात झाडं खेटून लावतात. उजेडासाठी एकमेकांना रेटत ती भराभर वाढतात, आणि ज्यांना जमत नाही ती मरतात. मेलेलं उपटायचं नाही, तिथेच कुजू द्यायचं. पद्धतच तशी आहे. पण गेलेल्या माणसाच्या नावाने देणगी देऊन झाड लावणाऱ्याला हे कोण सांगणार? मग झाड मेलं की पाटी शेजारच्या जिवंत झाडावर जाते. आजवर कितीतरी पाट्या मीच हलवल्या, आणि खरं सांगते, कधी काही वाटलं नाही.

पूर्वी इथे शहराचा कचरा पडायचा. आमची खोली त्याला लागूनच होती. तिथलं घाण पाणी पिऊन माझी लेक काविळीने गेली. तेव्हा कोणाला इथे जंगल सुचलं नाही. ती गेल्यावर सुचलं, आणि मला कामावर घेतलं. लागवडीच्या दिवशी जांभळीचं एक रोप उरलं होतं. खड्ड्यात तिची लाल रिबीन ठेवून ते मी लावलं. देणगी कुठून देणार? म्हणून पाटी नाही.

"आटपा मावशी. माझी आणि तुमची, दोघांची नोकरी घालवाल."

मी पाटी बांधली. तार सैलच ठेवली. खोड भरलं की ती रुतते.

आजोबा काठी टेकत आले. पाटीवरचं बायकोचं नाव त्यांनी रुमालाने पुसलं आणि मान वर करून शेंडा बघत राहिले.

"केवढी झाली हो. जिवंतपणी माझ्या खांद्यालाही लागायची नाही."

मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. तो येईना, म्हणून स्वतःचाच आला.

"पाणी तुम्हीच घालता?"

"मीच."

"आपल्या घरचं समजून घालत जा, बाई."

"तसंच घालते," मी म्हटलं.

खोडावर हात ठेवून ते रडले. मला तिथे रडायची सोय नव्हती. मी पाइप उचलला आणि त्यांच्या चपला भिजणार नाहीत अशा बेताने मुळाशी पाणी सोडलं.