एकच फरशी चुकली होती

मी पाणसळ बोलतेय. हे नाव शब्दकोशातलं. कामावर मला सगळे 'लेव्हल' म्हणतात. हातभर लांब पिवळी पट्टी, मधोमध काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. जमीन समतल असली की बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये थांबतो. एक बाजू उंच असली की तो तिकडे पळतो. माझं काम एवढंच, पण माणसं माझ्यावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवतात.

माझा मालक फरशी बसवणारा मिस्त्री आहे. हात चांगला, पण तोंडात कायम एकच वाक्य, "माझंच चुकलं असेल." रंगाऱ्याने डबा सांडला, तरी हा म्हणणार, मीच वाटेत ठेवला असेन. नळ गळला की फडकं घेऊन हाच हजर. वायरमनने त्याचं नाव 'सॉरीभाऊ' पाडलं आणि ते चिकटलं. पुढे पुढे कुणाचंही काही बिघडलं, की सगळे आपोआप त्याच्याकडे बघायला लागले. मला ते बघवत नसे. पण मला तोंड नाही, नुसता बुडबुडा आहे.

त्याची थोरली बहीण त्याच्याबरोबरच कामाला असते. फरशांचे सांधे ती भरते. तिला सगळे ताई म्हणतात, मुकादमसुद्धा.

गेल्या महिन्यात आम्हाला दातांच्या दवाखान्याचं काम मिळालं. मधल्या खोलीत रोग्याची मोठी खुर्ची जमिनीला कायमची आवळायची होती. जमीन तंतोतंत हवी, एवढंच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आधीच्या दोन कामांवर सॉरीभाऊने बरंच ऐकून घेतलं होतं. जिना चढताना त्याने ताईला सांगितलं, ही जमीन बिघडली तर मी थापी ठेवून देणार. गोदामात पोती उचलीन, तिथे चुकायला काही नसतं. पुढची पायरी चढायला ताईला वेळ लागला.

दिवसभरात त्याने खोली बसवली. प्रत्येक फरशीवर मला टेकवलं, एकदा आडवं, एकदा उभं. फक्त शेवटची, दाराजवळची, हात दुखायला लागले म्हणून नुसत्या अंदाजाने दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनने मला बटणांच्या पेट्या सरळ लावायला नेलं. शिडीवरून मी सुटले आणि टोकावर आपटले. काच वाचली, पण नळी आतल्या आत केसभर सरकली. वायरमनने इकडे तिकडे पाहिलं आणि मला खिळ्याला अडकवून टाकलं. तो वाईट माणूस नाही. काही निघालंच तर सॉरीभाऊ आहेच, असं त्याला वाटलं असेल.

दुपारी मुकादम आला. त्याने मला खोलीच्या मधोमध ठेवलं. माझा बुडबुडा खिडकीकडे पळाला. दुसऱ्या फरशीवर तेच, तिसऱ्या फरशीवर तेच. मी जीव खाऊन त्याला मध्ये ओढत होते, पण नळीच वाकडी, मी काय करणार?

"खुर्ची काय घसरगुंडीवर बसवायची?" मुकादम म्हणाला. खुर्चीची माणसं उद्या सकाळी येणार होती. काय करायचं ते आत्ता कर, असं सांगून तो खाली फोन करायला गेला.

सॉरीभाऊने वाद घातला नाही. काल मोजलेल्या प्रत्येक फरशीवर माझा बुडबुडा मध्येच थांबला होता, हे त्याला आठवलंसुद्धा नाही. सगळंच चुकलं, सगळंच काढतो, असं पुटपुटत त्याने छिन्नी उचलली. मी शेजारी पडून बघत होते. ही जमीन नीट आहे, वाकडी मी आहे, हे मला ओरडून सांगायचं होतं. हातोडा वर गेला. मधली फरशी एका घावात तडकली.

दुसऱ्या घावाआधी ताई आत आली. तिने त्याचं मनगट धरलं.

"सगळं म्हणजे किती?" तिने विचारलं.

ताईने मला उचललं, शेजारच्या फरशीवर ठेवलं, मग टोकं बदलून तिथेच पुन्हा ठेवलं. जमीन वाकडी असती, तर बुडबुडा दोन्ही वेळा खिडकीकडेच गेला असता. तो आता दाराकडे पळाला. ताईने रांगेने सगळ्या फरशा अशा तपासल्या. प्रत्येक ठिकाणी बुडबुडा बाजू बदलत होता. दाराजवळच्या शेवटच्या फरशीवर मात्र तो दोन्ही वेळा दाराकडेच राहिला.

"पडली होती का ही?" तिने विचारलं. सकाळी मला नेणारा वायरमन आवाज ऐकून दारात आला होता.

"थोडीशी," वायरमन म्हणाला.

"पडायचं थोडंसं असतं होय?"

सॉरीभाऊने मला मांडीवर घेतलं आणि माझ्यावरची धूळ पुसायला लागला. तिचा काय दोष, आपटली बिचारी, असं काहीतरी म्हणाला.

"बघ," ताई हळू आवाजात म्हणाली. "ती चुकली तर मांडीवर घेतोस. तू चुकलास की छिन्नी घेऊन उभा राहतोस. तुझ्याबद्दल तुला काहीच वाटत नाही का रे?"

त्याने मला बाजूला ठेवलं. मग उठून त्याने दाराजवळची फरशी काढली.

मुकादम वर आला तेव्हा तो दोन नव्या फरशा बसवत होता. दोनच का, असं मुकादमाने विचारलं. मी नेहमीचं वाक्य ऐकायच्या तयारीत होते.

"एक माझी चुकली होती," सॉरीभाऊ म्हणाला. "दुसरी नीट होती, ती मी उगाच फोडली. बाकीच्या बरोबर आहेत. त्यांना हात लावणार नाही."

त्याने मान खाली घातली नाही. मुकादमाने दाराकडून खिडकीपर्यंत एकदा चालून पाहिलं आणि मान डोलवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी खुर्ची बसली. थापी अजून त्याच्याच हातात आहे.

माझी नळी काही नीट झाली नाही. पिशवीत आता नवी पाणसळ आहे. पण माझी कड अजून सरळ आहे, म्हणून दोन फरशांमधला उंचवटा शोधायला तो मलाच फिरवतो. मी कुणाची बिघडलेली वस्तू नाही. माझं एकच काम गेलंय, दुसरं शाबूत आहे.

तुमच्याही हातात कधी छिन्नी येईल, आणि समोर तुम्हीच असाल. घाव घालायच्या आधी मोजा, बाबांनो. एक चुकलं असेल, तर एकच म्हणा.