खरवडलेला बिल्ला

ओटफ्रीड ग्रोटेंनी फोटो दिव्याखाली तिरका धरला आणि शेजारी बसलेल्या डिर्कच्या हातावर चापट मारली.

"आधी हात पूस. कांद्याच्या हाताने फोटोला शिवायचं नाही, किती वेळा सांगू?"

"मी नुसतं बोट दाखवत होतो."

"लांबून दाखव."

डिर्क वुल्फेस पेशाने दातांचा डॉक्टर, पण स्वतःच्या तोंडाला त्याने कधी विश्रांती दिली नव्हती. कच्चा खिमा आणि कांदा लावलेला पाव त्याने बाजूला सरकवला आणि हात पँटला पुसले. ब्राउनश्वाइगमधल्या त्या बिअरखान्याच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सकाळी जुने राजकीय बिल्ले जमवणाऱ्यांची बैठक भरत असे. आज नोव्हेंबरच्या गारठ्याने दोघेच आले होते, पण भांडायला तेवढे पुरेसे होते. टेबलावर ग्रोटेंचे मखमली तक्ते मांडलेले होते. ज्या बिल्ल्यांवर नाझींचं स्वस्तिकासारखं चिन्ह होतं, ते उघड दाखवायला जर्मनीत बंदी, त्यांच्यावर कायद्याचं लचांड नको म्हणून त्यांनी पांढऱ्या कागदाच्या टिकल्या चिकटवल्या होत्या.

समोर रोसविटा केटलर अंगातला कोटही न काढता बसल्या होत्या. फोटो त्यांचा होता. घराच्या दारात उभे असलेले त्यांचे आईवडील, दोघंही तरुण. वडिलांच्या कोटाच्या कॉलरवर एक जागा सुईने खरवडून पांढरी करून टाकलेली.

"बाई, तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय?" ग्रोटेंनी विचारलं.

"माझे वडील नाझी होते का, एवढंच."

"एवढंच!" डिर्क हसला. कुणी साथ दिली नाही तसा गप्प झाला.

"सोमवारी कब्रस्तानाच्या कचेरीत उत्तर द्यायचंय," रोसविटाबाई म्हणाल्या. "त्यांच्या कबरीच्या जागेची भाड्याची मुदत संपली. वाढवली नाही तर दगड उचलून जागा सपाट करतील. भाऊ म्हणतो, वाढवूया. पण मुदत माझ्या नावावर आहे, सही माझी लागते. मी आजवर नाहीच म्हणत आले."

"मग आज काय झालं?"

"तो म्हणाला, निदान खात्री तरी कर. त्याचं काय, तो वडिलांचं तोंड आठवून बोलतो. मला पुरावा हवा."

आईने त्यांना सगळं सांगितलं होतं. पंचेचाळीस साली, युद्ध हरल्यावर, वडिलांनी स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने तो बिल्ला खरवडला, इंग्रज सैनिक घरोघर फिरायच्या आत. पुढे अठराव्या वर्षी रोसविटाने हा फोटो असलेला अल्बम बापापुढे आपटला होता आणि विचारलं होतं, काय होतं इथे? वडिलांनी फोटोकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाले, "आईला विचार." बस. त्या भेकड उत्तरानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. आईनेही मरताना बजावलं होतं, मला त्याच्या शेजारी नको. म्हणून आई प्रार्थनागृहाजवळ होती, फुलांनी भरलेली, आणि वडील कब्रस्तानात दुसरीकडे कुठेतरी. उद्याचा रविवार मृतांच्या स्मरणाचा, कबरी सजवायचा. आईच्या कबरीवर घालायला देवदाराच्या फांद्या गाडीत ठेवूनच बाई इथे आल्या होत्या.

"गोल आहे," डिर्क म्हणाला. "नाण्याएवढा, डाव्या कॉलरवर. पक्षाचा बिल्ला. मिटला विषय."

"गोल कुठाय? उजवीकडे बघ, कड बाहेर गेलीय. पंखासारखी."

"सुई घसरली असेल."

"एकाच बाजूला घसरते होय तुझी सुई? तुझ्या रोग्यांची दया येते मला."

"मग हिवाळी मदतफंडाचा असेल. देणगी दिली की टोचायचे, कुणीही घालायचा."

"किंवा एखाद्या गायन मंडळाचा," ग्रोटे भिंग सरकवत पुटपुटले. "किंवा नेमबाजांचा. किंवा कामगारांच्या सायकल संघाचा. त्यांच्याकडे पंख असायचे."

रोसविटाबाई एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. आयुष्यभर त्या पांढऱ्या ठिपक्याच्या जागी त्यांना एकच वस्तू दिसत आली होती. आता तिथे नुसता बाजार भरला होता.

"म्हणजे होता की नव्हता?"

"असू शकतो," ग्रोटे म्हणाले.

"'असू शकतो' घेऊन मी कचेरीत काय करू?"

त्यांचा आवाज चढला. ग्रोटे ओशाळले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी फोटो उलटा केला. मागे आईच्या अक्षरात लिहिलं होतं, ईस्टर १९३३. ते वाचून त्यांनी फोटो पुन्हा सुलटा केला, तेव्हा उजेड वडिलांवरून सरकून आईवर पडला. ग्रोटेंचा हात तिथेच थांबला.

"डिर्क," ते म्हणाले, "हे बघ."

डिर्कने या वेळी न सांगता हात रुमालाला पुसले. भिंग घेऊन तो वाकला. बाईही टेबलावरून पुढे झुकल्या.

"काय आहे?"

"आईच्या छातीवर. हा ब्रोच."

"मी नाही कधी पाहिला. असेल तिचा. तिला दागिन्यांची हौस होती."

ग्रोटेंनी तक्त्यातून एक छोटा त्रिकोणी बिल्ला काढून फोटोशेजारी ठेवला. त्याच्या मधोमध पांढरी टिकली होती. कडा, कोपरे, आकार, सगळं जुळत होतं.

"बायकांच्या संघटनेचा आहे," ते हळूच म्हणाले. "नाझी पक्षाच्या."

"नाही, नाही. तुमची काहीतरी चूक होतेय. आईला त्या लोकांचा तिटकारा होता. तिनेच तर मला सगळं..."

बाई मधेच थांबल्या.

"चूक आमची झालीच," ग्रोटे म्हणाले. "मघापासून खरवडलेल्या जागेत नाक खुपसून बसलो. आमची खोडच ती. जे झाकलंय तेच बघायचं. उघडं होतं ते पाहिलंच नाही."

"पण वडिलांचा बिल्ला..."

"बाई, असं बघा. पंचेचाळीस साली इंग्रजांच्या भीतीने कुणी सुई घेऊन बसलं असतं, तर सगळ्यात आधी हा त्रिकोण गेला असता. एक खरवडून दुसरा कोण ठेवेल?"

"म्हणजे?"

डिर्कने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे सुई नाझी सत्तेवर असतानाच चालली, तेव्हा हा त्रिकोण मिरवायची वस्तू होती. आणि वडिलांच्या कोटावर होतं ते लपवायची. कामगारांचे सायकल संघ विरोधकांचे म्हणून नाझींनी त्याच वसंतात बंद पाडले. वडील सायकल चालवायचे?"

"कामावर सायकलनेच जायचे. पण तेव्हा सगळेच जायचे!" बाईंना रडू येईल की राग, त्यांचं त्यांनाच कळेना. "मग ते नाझी नव्हते?"

"त्या ईस्टरला तरी नसावेत. पुढचं हा फोटो सांगत नाही."

"आणि आई?"

या प्रश्नाचं उत्तर तर टेबलावरच पडलं होतं.

पण बाई हट्टाला पेटल्या. "तुमचं खरं धरलं, तर पंचेचाळीस साली तिने स्वतःचा का नाही खरवडला? सांगा की. तिला काय भीती नव्हती?"

ग्रोटेंनी फोटो पुन्हा तिरका केला. आईच्या छातीभोवती चारी बाजूंनी वाळलेल्या गोंदाची कड चमकली. आतला चौकोन बाकीच्या फोटोहून गडद राहिला होता, कधी उजेड न लागल्यासारखा.

"इथे वरून काहीतरी चिकटवलेलं होतं," ते म्हणाले. "अल्बममधून काढताना निघालं असेल."

"काल इथे आणायचा म्हणून किटलीच्या वाफेवर सुटं केलं मी. ते काही नाही, ते नुसतं..."

रोसविटाबाईंनी पर्स उघडली. पाकिटातून एक छोटासा फोटो काढला. पांढऱ्या लांब झग्यातलं तान्हं बाळ, बाप्तिस्म्याच्या दिवशीचं. त्यांनी तो आईच्या छातीवर ठेवला. चारी कडा गोंदाच्या रेघेवर बरोबर बसल्या. त्रिकोण दिसेनासा झाला.

"हे कोण?" डिर्कने विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "आई अल्बम उघडून दाखवायची. म्हणायची, बघ, तुला कशी छातीशी धरून ठेवलीय. मला इतकं बरं वाटायचं."

ग्रोटे तो त्रिकोणी बिल्ला तक्त्यात परत खोचायला गेले, तर त्यांना त्याची जागाच सापडेना.

बाहेर गाडीत बसल्यावर बाईंनी किल्ली लावली नाही. मागच्या सीटवरच्या फांद्यांचा ओला वास गाडीभर पसरला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी भावाला फोन लावला.

"फोल्कमार, पप्पा कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"कब्रस्तानात. कुठल्या बाजूला? पुरल्यापासून गेले नाही मी. मला आठवत नाहीये."

भाऊ जपून म्हणाला, "पाण्याच्या नळामागे. बर्चच्या खाली, डावीकडून तिसरे. का गं, काय म्हणाले ते लोक?"

"मला काही कळत नाहीये. मी फांद्या एकाच कबरीपुरत्या घेतल्यात."

"मग मम्माचं काय?"

रोसविटाबाईंनी मागे वळून फांद्यांकडे पाहिलं.

"फोल्कमार," त्या म्हणाल्या, "मी पप्पांना विचारलं होतं रे. 'आईला विचार', त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं."