रुग्ण क्रमांक सात

माझ्या पप्पांचं एकोणतीस वर्षांचं पोटाचं दुखणं बरं झालं. भूक लागते, जेवण पचतं, झोप येते.

हे वाक्य मी मागे घेतो. असं काहीही झालेलं नाही आणि तुम्ही काहीही वाचलेलं नाही. आपण मार्च महिन्यापासून सुरू करू.

माझे पप्पा अब्राहाम सर. नेवाशात राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. अख्ख्या तालुक्यात त्यांच्यापेक्षा त्यांचं पोट जास्त प्रसिद्ध. शाळेत मुलं सकाळी त्यांचा चेहरा बघून दप्तर लावायची. गॅस असेल तर शुद्धलेखन, जळजळ असेल तर गणित, दोन्ही असतील तर मैदानाची साफसफाई. एकोणतीस वर्षं ते मऊ भात आणि ताक यांवर जगले. कुठल्याही लग्नात आचारी त्यांना लांबून ओळखायचा आणि एक छोटं पातेलं वेगळं चढवायचा.

मार्चमध्ये त्यांच्या हाती 'पोटविजय' आलं. तपकिरी बाटली, चवीला गूळ आणि टायर. वेष्टनावर लिहिलं होतं: जुन्यात जुना पोटविकार एकवीस दिवसांत मुळासकट. खाली यादी. गॅस, जळजळ, मूळव्याध, भूक न लागणे. त्याखाली, अति भूक लागणे. त्याखाली, कामात मन न रमणे. मला तेव्हाच संशय आला, कारण कामात माझंही मन रमत नाही आणि त्याचा पोटाशी काही संबंध नाही.

बाटली विकणारा सूर्यभान. गुरुवारी तो देवळाबाहेर असतो, शुक्रवारी मशिदीबाहेर, रविवारी आमच्या चर्चबाहेर. सर्वधर्मसमभाव मी शाळेत पाठ केला होता, सूर्यभानच्या स्कूटरच्या डिकीत प्रत्यक्ष पाहिला.

आता इथं आमच्या मंडळीतली एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे उपासनेत साक्ष देतात. माणूस उभा राहतो आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो. ज्यांचा विश्वास पक्का असतो ते गोष्ट घडायच्या आधीच आभार मानून टाकतात. पप्पांचा विश्वास पक्का. शनिवारी रात्री त्यांनी पहिला चमचा घेतला आणि रविवारी सकाळी उभे राहिले. म्हणाले, "एकोणतीस वर्षांचं माझं दुखणं परमेश्वरानं काढून घेतलं आहे. मला अजून जाणवत नाही, पण काढून घेतलं आहे."

मंडळी आमेन म्हणाली. मागच्या बाकावर सूर्यभान मोबाईल धरून बसला होता.

व्हिडिओ आला तेव्हा त्यातून 'परमेश्वरानं' गेलं होतं. 'अजून जाणवत नाही' हेही गेलं होतं. उरलेल्या जागेत बाटली फिरत होती. पाठोपाठ चार पानांचं रंगीत पत्रक निघालं. पान तीन, रुग्ण क्रमांक सात: अब्राहाम सर, निवृत्त शिक्षक, नेवासा. फोटोत पप्पांचे डोळे मिटलेले होते, कारण ते प्रार्थना करत होते. खाली छापलं होतं, 'आता शांत झोप लागते.'

पप्पांनी नाराजी दाखवली आणि पत्रक गीतपुस्तकात जपून ठेवलं.

मी नागापूरला एमआयडीसीत असतो. पत्र्याला भोकं पाडायच्या मशीनवर. दर शनिवारी घरी जातो. एप्रिलमध्ये पप्पांनी मला त्यांचा पट्टा दिला. "एक भोक वाढव. चामडं सैल पडलंय."

पंधरा दिवसांनी चामडं पुन्हा सैल पडलं. मग पुन्हा. चौथ्या भोकाच्या वेळी मी म्हणालो, "पप्पा, चामडं सैल पडत नाही. आतला माणूस सैल पडतोय."

"तुला मशीन दिलंय ना? भोक पाड."

त्याच आठवड्यात मम्मीचा फोन आला. माझी मम्मी मेरी फोनवर कधी हळू बोलत नाही. त्या दिवशी हळू बोलली.

"जॉय, तुझे पप्पा लग्नाचं सगळं खातात आता. लोक वाढतात, म्हणतात, सर, आता काय भीती. हे न्हाई म्हणत न्हाईत. घरी येऊन उशी पोटाला दाबून बसतात."

"डॉक्टरच्या गोळ्या?"

"त्या बाटली आली तवाच बंद केल्या." मग म्हणाली, "शी काळी होती रे. डांबरासारखी. मला सांगत न्हाईत, पन मी बघितलं."

कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत एक नर्स बसते. तिच्याकडं आम्ही बोट कापल्यावरच जातो. मी अख्खी दहा बोटं घेऊन गेलो म्हणून तिला नवल वाटलं. मी काळ्या रंगाचं सांगितलं. ती म्हणाली, "आत रक्त जातंय. आजच्या आज दाखवा."

जेवणाच्या सुट्टीत मी बाटलीवरचा पत्ता बघितला. नागापूर एमआयडीसी, प्लॉट नंबरसकट. आमच्या गेटपासून सहा मिनिटांवर. गेलो. त्या प्लॉटवर ट्रकचा वजनकाटा होता.

"इथं औषध बनतं का?" मी काट्यावरच्या माणसाला विचारलं.

"इथं ट्रक मोजतात."

"पोटाचं औषध."

"हे बघा," तो म्हणाला, "महिन्यातनं चार जण येतात विचारत. एक बाई तर काट्यावर उभी राहिली. काटा दहा किलोच्या पटीत दाखवतो. पन्नास आली. म्हणाली, माझं खरं वजन किती? मी म्हटलं, तुम्ही भरून या आणि रिकाम्या होऊन परत या, फरक सांगतो."

संध्याकाळची नेवाशाची एसटी धरली. स्टँडवर सूर्यभान भेटला. स्कूटरला टेकून चॉकसारखी एक पांढरी गोळी चघळत होता.

"सूर्यभान, पप्पांचा फोटो काढ त्या पत्रकातनं."

"आवो जॉयशेठ, सरांमुळं लई लोकांला आधार मिळाला. पान तीन म्हंजी सगळ्यात चालनारं पान."

"त्यांना बरं नाही."

"मग तसं सरांनी लिहून द्यावं. मी बरा न्हाई, खाली सही. लगीच काढतो. छापखाना मेव्हण्याचाच हाय."

"ते नाही लिहून देणार."

"मग बरं हायेत की."

"तू काय चघळतोयस?"

"ही व्हय? जळजळ हुती हो मला. जुना तरास हाय."

"मग बाटली घे ना."

त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "ती इकायची हाय, जॉयशेठ."

घरी पप्पा खुर्चीत बसले होते. चेहरा जुन्या खडूसारखा.

"पप्पा, डॉक्टरकडं चला."

"कशाला?"

"पोटासाठी."

"पोट बरं आहे."

"मग हात कुठं ठेवलाय?"

त्यांनी हाताकडं बघितलं. "पोटावर. बरं आहे म्हणून ठेवलाय."

"आत रक्त जातंय. मम्मीनं बघितलंय."

पप्पा शाळेत धडा संपवताना बोलायचे तसे बोलले. "मी दीडशे माणसांसमोर साक्ष दिलीये, जॉय. आता दुखतंय म्हटलं तर कोण खोटं ठरेल? मी ठरलो तर चालेल, मी माणूस आहे. पण लोक म्हणतील, सरांच्या देवानं काढून घेतलं आणि परत आणून ठेवलं."

मी मम्मीकडं बघितलं.

मम्मी आत भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "रविवारच्या शाळंत पोरांला काय शिकवायचे तुमी? येशूनं कुष्ठरोगी बरा केला, मग त्याला काय सांगितलं?"

पप्पांनी मान वर केली.

"सरळ घरी जा म्हटलं का?"

"नाही," पप्पा म्हणाले. "देवळातल्या याजकाला जाऊन दाखव म्हटलं."

"बरा झाला हुता तरी दाखवायचं हुतं ना?"

"तपासून घ्यायचं होतं. तसा नियम होता."

"मग झालं तर. तुमी बरे झालाय. बरे झाल्याचं तपासून या. तवा याजक हुते, आता डॉक्टर हायेत. जॉय, उद्या सकाळची गाडी बघ."

पप्पांनी थोडा वेळ यातली चूक शोधली. एकतीस वर्षं चुका शोधण्यात घालवलेला माणूस, पण सापडली नाही. त्यांनी सदरा बदलला.

नगरमध्ये पोटाच्या डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. बाहेर पंधरा-वीस माणसं. त्यातली निम्मी तोंडाला टॉवेल गुंडाळून बसलेली. उन्हाळा होता, पण पंख्याखाली. पप्पांनीही खिशातून रुमाल काढून तोंडाला बांधला. "धूळ आहे," म्हणाले.

काउंटरवर सविता नावाची मुलगी होती. तिनं नाव न विचारता रुमालाकडं बघितलं.

"पोटविजय?"

मी हो म्हणालो.

"कोणत्या पानावरचे?"

"तीन."

तिनं टेबलावरच्या काचेखाली बघितलं. तिथं तेच पत्रक होतं, काही फोटोंवर पेनानं बरोबरची खूण. "क्रमांक सात. बसा. आज पान दोनवाले जास्त आहेत."

आम्ही बसलो. शेजारच्या माणसाचा टॉवेल पाणी पिताना घसरला. पप्पांनी हळूच माझ्या मांडीवर बोट मारलं. "क्रमांक चार. सहादेव, राहुरी. चौदा वर्षांचा अपचनाचा त्रास." पत्रक त्यांचं पाठ होतं.

सहादेवनंही पप्पांना ओळखलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, जसे दोन कॉपी करणारे एकाच चिठ्ठीकडं बघतात.

"तुमी सर ना? पान तीन?"

"हो. आपण बरे झालात ना?"

"व्हय. पूर्न. तुमी?"

"पूर्ण."

"मग हितं?"

"बरं झाल्याचं तपासायला आलोय. आपण?"

"बायकोला दाखवायचं हुतं."

पप्पांनी आजूबाजूला बघितलं. "कुठं आहेत त्या?"

"ती आली न्हाई," सहादेव म्हणाला आणि टॉवेल पुन्हा वर ओढला.

दुर्बीण घशातून आत गेली. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. जठरात जुनी जखम होती आणि ती वाहत होती. रक्त इतकं कमी झालं होतं की आणखी पंधरा दिवस गेले असते तर तुम्ही यांना घेऊन इथं आला नसता, असं ते म्हणाले. कुठं गेलो असतो ते त्यांनी सांगितलं नाही. दोन बाटल्या रक्त चढवलं. जखमेचा तुकडा तपासणीला पाठवला, कारण कधीकधी ती जखम निव्वळ जखम नसते. अहवालाला आठ दिवस लागणार होते.

त्या आठ दिवसांत मी एकही विनोद केला नाही. मशीनवरच्या पोरांनी साहेबांना जाऊन सांगितलं की जॉयची तब्येत बिघडलीये. मम्मी रोज फोन करायची आणि आम्ही हवापाण्यावर बोलायचो.

नवव्या दिवशी अहवाल आला. निव्वळ जखम होती. त्यात जंतू होते आणि जंतूंना गोळ्या होत्या. चौदा दिवस एक प्रकारच्या, पुढं सहा आठवडे दुसऱ्या.

जुलैच्या शेवटी पप्पांनी ठेचा मागितला. मम्मी त्यांच्यासमोर बसून राहिली, सगळी भाकरी संपेपर्यंत. ते उठले, झोपले, सकाळी उठले. पट्टा दोन भोकं मागं गेला. म्हणजे जे वाक्य तुम्ही सुरुवातीला वाचलं नव्हतं, ते आता वाचायला हरकत नाही.

मग पप्पांनी ठरवलं की साक्ष पूर्ण करायची. रविवारी उभे राहिले आणि सगळं सांगितलं. काळा रंग, दुर्बीण, रक्त, गोळ्यांची नावं. म्हणाले, "मी आभार आधीच मानले होते. देवानं वेळ घेतली आणि डॉक्टरांच्या हातानं केलं. बाटलीनं माझं काहीही झालं नाही. कोणी डॉक्टरच्या गोळ्या सोडल्या असतील तर आजच सुरू करा." बसताना त्यांचा चेहरा शुद्धलेखनाच्या दिवसाचाही नव्हता आणि गणिताच्याही नाही. मी तो चेहरा पहिल्यांदाच बघत होतो.

मागच्या बाकावर सूर्यभान मोबाईल धरून बसला होता.

ऑगस्टमध्ये नवीन पत्रक निघालं. पप्पा पान तीनवरून पहिल्या पानावर आले. फोटोत या वेळी डोळे उघडे. खाली लिहिलं होतं, 'आता दुर्बिणीनेही सिद्ध.'

आमच्या शेजारच्या लंकाबाईंनी ते पत्रक बघून डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या आणि बाटली आणली. त्यांचंही पोट जुनं. पप्पा स्वतः त्यांच्याकडं गेले, खाटेवर बसून अर्धा तास समजावलं. लंकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पत्रक पुढं केलं.

"सर, ह्यो फोटो तुमचाच ना?"

"माझाच."

"आन तुमी बरे झालात ना?"

पप्पा खोटं बोलत नाहीत. "झालो."

"मंग," म्हणाल्या लंकाबाई, आणि झाकणात मोजून औषध ओतलं.

त्या दिवशी परत आल्यावर पप्पांनी कागद घेतला, समास आखला आणि अर्ज लिहिला. मी तो नागापूरला नेऊन वजनकाट्यावरच्या माणसाकडं दिला. त्यानं पोच म्हणून पावती दिली, त्यावर वजन शून्य आहे. मजकूर असा:

'प्रति, माननीय व्यवस्थापक, पोटविजय. विषय: नाव कमी करणेबाबत. महोदय, वरील विषयी विनंतीपूर्वक अर्ज करतो की, आपल्या पत्रकातील बरे झालेल्या रुग्णांच्या यादीत माझे नाव मी आजारी असताना समाविष्ट करण्यात आले होते. तदनंतर मी अन्य औषधाने बरा झालो आहे. तरी मी बरा झाल्याची नोंद घेऊन माझे नाव बरे झालेल्या रुग्णांच्या यादीतून तात्काळ वगळण्यात यावे, व तसे श्रीमती लंकाबाई यांना आपल्या स्तरावरून लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती. सोबत: दुर्बीण तपासणी अहवालाची प्रत एक, पट्टा एक, भोके चार.'