ठकीचं तोंड धुतलं तेव्हा

आत्या मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती. पू, ओकारी, चिघळलेल्या जखमा, सगळं आवरून ती निवांत डबा खायची. तिला किळस कशी ती ठाऊकच नाही, असं घरचे म्हणत. पण त्या रविवारी आलेली किळस कितीतरी दिवस तिच्या घशाशी राहिली.

ती भाऊ, वहिनी आणि त्यांच्या सहा वर्षांच्या ठकीबरोबर राहायची. वहिनीच्या लेखी कमरेखालचं सगळं म्हणजे ‘शी’. आत्याला हे पटत नसे. ‘तिथे दुखतंय’ म्हणणाऱ्या पोरांचं नेमकं काय दुखतंय, हे शोधण्यात तिची नोकरीतली वर्षं गेली होती. म्हणून ठकीला आंघोळ घालताना तिने कान, खांदा, घोटा यांच्याच ओळीत योनी आणि गुदद्वार ही नावंही सांगितली. इथे कुणी हात लावला तर येऊन सांगायचं, मग तो कुणीही असो, हेही बजावलं. वहिनीने आठवडाभर तोंड फुगवलं.

त्या रविवारी जेवताना ठकी म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या सरांकडे मी जाणार नाही. भावाने कारण विचारलं. तिने घास गिळला आणि सांगून टाकलं, “सर योनीला हात लावतात. मी नको म्हटलं तरी.”

वहिनी उठली. पोरीला दंडाला धरून बेसिनपाशी नेलं आणि साबणाने तिचं तोंड धुऊ लागली. ताटावर बसून असलं घाणेरडं बोलतात का, असं पुटपुटत होती. भाऊ ताटातून मान वर न करता आत्याला म्हणाला, सर भला माणूस आहे, हे सगळं तूच तिच्या डोक्यात भरवलंस.

आत्याला मळमळून आलं. दोघांना शिसारी आली होती ती शब्दाची; त्या हाताची कुणालाच नाही.

तिने नळ बंद केला, ठकीच्या ओठांवरचा फेस पुसला.

“तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझं काही चुकलं नाही.”

मग चपला घातल्या आणि पोरीला घेऊन थेट पोलीस चौकी गाठली. भाऊ अडवायला दारापर्यंत आला, पण तिचा चेहरा बघून बाजूला झाला.

चौकीतल्या बाई अधिकाऱ्यांनी ठकीला वेगळ्या खोलीत बसवून विचारलं. कुठला वार, कुठली खुर्ची, कुठे हात लावला, ठकीने न अडखळता सांगितलं. नंतर सरांना बोलावलं. तो हात जोडत, गुळगुळीत हसत आला. पोटाला गुदगुल्या केल्या हो, म्हणाला, लेकरं काहीही बोलतात. त्याच्या नखांत रंग अडकला होता. आत्याला तिकडे बघवेना. बाईंनी ठकीचा जबाब वाचून दाखवला. पोट कुठलं आणि योनी कुठली, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. त्याचं हसू मावळलं.

त्याला अटक झाल्यावर शिकवणीतल्या दुसऱ्या एका मुलीची आई घरी आली. तिची मुलगी चार महिन्यांपूर्वी म्हणाली होती, सर शी करतात. आईला वाटलं होतं, सरांचं पोट बिघडलंय.

हे ऐकून वहिनी मोरीत जाऊन ओकली. तोंड पुसत बाहेर आली.

“वन्सं, मी पोरीचं तोंड धुतलं हो.”

“हो,” आत्या म्हणाली. “साबण लावून.”

दुसऱ्या दिवशी त्या आईला घेऊन वहिनी स्वतः चौकीत गेली. आत्या सोबत गेली नाही. तिची ड्युटी होती, आणि राग अजून उतरला नव्हता.