कोळ्याचे उरलेले दोन पाय

मी पाणी तपासते. नळाचं, विहिरीचं, कारखान्याच्या मागून गुपचूप सोडलेलं. पाण्याचा गढूळपणा मोजायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत आहे. माणसांच्या बोलण्यातला मोजायचं अजून निघालेलं नाही, म्हणून पुढची हकिकत जशी कानावर आली तशीच सांगते.

आम्हाला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी मुलांसाठी कवितांचं एक पुस्तक लिहिलं. एकोणचाळीस कीटक आणि एक कोळी. कोळी हा कीटक नव्हे, हे बाई आजही कुणाला विसरू देत नाहीत. प्रकाशकाने कविता बाईंकडून आणि चित्रं चित्रकाराकडून एकरकमी विकत घेतली, सगळे हक्क कायमचे आपल्याकडे ठेवले, हजार प्रती छापल्या आणि नंतर त्या पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

कोळ्याची कविता अशी सुरू होते:

आठ पावलं, एकच धागा,
हवेत विणली हक्काची जागा.

समोरच्या पानावर कोळ्याचं मोठं, देखणं चित्र होतं. त्याला सहा पाय होते.

छापलेली पहिली प्रत हातात पडताच बाई प्रकाशकाकडे गेल्या. त्याने चित्र जवळ धरलं, लांब धरलं आणि म्हणाला, “दोन पाय पलीकडच्या बाजूला असतील, बाई.” पुढच्या आवृत्तीत बघू, असंही म्हणाला. पुढची आवृत्ती निघालीच नाही. बाईंना दुसरीकडे छापायची सोय नव्हती, कारण कोळी त्यांचा राहिला नव्हता.

मग बाईंनी काळ्या शाईची बाटली आणि बारीक टाक विकत घेतला.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पन्नास प्रती होत्या. वर्गात उशिरा येणाऱ्याला बाई उभं करत नसत, एक प्रत देत आणि कोळ्याचे उरलेले दोन पाय काढायला लावत. नुसत्या रेघा चालत नसत. कोळ्याच्या पायाला सात पेरं असतात, तेव्हा सात दिसली पाहिजेत. मी कधी उशिरा गेले नाही, तरी बारा कोळी माझ्या हातचे आहेत. ज्यांचा हात बरा त्यांना गुन्हा न करताही शिक्षा मिळायची. शाळेतल्या प्रती संपल्यावर बाई इतर शाळांत गेल्या, मग ग्रंथालयांत, मग जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. पुस्तकं खराब करतात म्हणून दोन ग्रंथालयांनी त्यांचं सभासदत्व रद्द केलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद त्यांनी वहीत केली: तारीख, ठिकाण, क्रमांक. शेवटचा क्रमांक सहाशे अकरा.

गेल्या वर्षी बाईंच्या नजरेच्या बरोबर मध्यभागी एक करडा ठिपका आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा-आठ महिन्यांत वाचणं बंद होईल. बाईंनी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांकडे मागितलं ते एवढंच: पुस्तकाचे हक्क विकत घेता आले तर घ्या, ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवा, आणि कोळी आठ पायांवर उभा राहिलेला मला एकदा दिसू दे.

आम्ही पाच जण जमलो. एकाने जुनी मोटारसायकल विकली, उरलेल्यांनी आपापल्या परीने भर घातली, आणि मी प्रकाशकाच्या कार्यालयात गेले.

तिथे आता रोजनिशा, पावतीपुस्तकं आणि स्पर्धांची प्रशस्तिपत्रकं छापतात. व्यवस्थापकाने कानावर हात ठेवले. असलं पुस्तक आमचं नव्हेच, म्हणाला. किडे वगैरे आम्ही कधीच काढलेले नाहीत. मी आतल्या पानावरचं संस्थेचं नाव दाखवलं. तो म्हणाला, या नावाची दुसरी संस्था असेल. पत्ताही हाच होता. मग त्याने लेखी अर्ज करायला सांगितलं.

अर्ज करणं ही माझी चूक. कुणाला तरी हवंय म्हटल्यावर वस्तू सापडते. तीन आठवड्यांनी प्रकाशकाच्या नातवाचं पत्र आलं. आता संस्थेचा मालक तोच. पत्रात लिहिलं होतं की सदर ग्रंथ हा आमच्या संस्थेचा मुकुटमणी असून त्याच्याशी आमच्या तीन पिढ्यांच्या भावना निगडित आहेत. भावनांचा आकडा खालच्या ओळीत होता. आमच्याकडे होते त्याच्या तिप्पट.

माझी नणंद वकील आहे. तिने पत्र वाचलं आणि तिचं तोंड उजळलं. नवऱ्याशी भांडण जिंकल्यावर उजळतं तसं. “वहिनी, भावना तीन पिढ्यांच्या आहेत ना? मग पंचेचाळीस वर्षांत किती प्रती विकल्या ते विचार.”

विचारलं. त्यानंतर भावना बऱ्यापैकी खाली आल्या. दोन महिने घासाघीस होऊन त्या आमच्या आवाक्यात येऊन थांबल्या. पण नातवाने एक अट घातली आणि ती काही केल्या सोडेना: पुस्तक पहिल्यांदा खुलं करताना मूळ आवृत्तीत तसूभरही बदल होता कामा नये. आजोबांनी जसं काढलं तसंच जगापुढे गेलं पाहिजे. हा वारसा आहे, असं तो फोनवर चार वेळा म्हणाला. मी मोजलं.

ही अट बाईंना सांगायला मी आणि नणंद गेलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मान जरा तिरकी करून. समोरचं दिसत नाही, म्हणून त्या आता कडेने बघतात. त्यांनी सगळं ऐकलं.

“मग नको,” त्या म्हणाल्या. “आज चुकलेला कोळी तीनशे एकोणनव्वद घरांत उरलाय. तुम्ही तो लाख घरांत पोचवणार, वर फुकट. त्यापेक्षा राहू दे कुलपात.”

नणंदेने समजावून पाहिलं की एकदा खुलं झालं की नंतर कुणीही दुरुस्त करू शकतं. बाईंनी विचारलं, नंतर म्हणजे किती महिन्यांनी? त्यांना किती महिने दिसणार हे तिघींनाही माहीत होतं.

घोडं अडलं ते पुढच्या आठवड्यात सुटलं, आणि सोडवलं वाळवीने. करारासोबत मूळ पुस्तकाची प्रत जोडायची आणि तिच्या पानापानावर “मुळाबरहुकूम” म्हणून नातवाने सही करायची, असं ठरलं होतं. संस्थेच्या संग्रहातली एकुलती एक प्रत काढायला कपाट उघडलं, तर आत पुठ्ठा आणि थोडा भुसा. बाईंच्या पुस्तकात तेविसाव्या पानावर वाळवीची कविता आहे. तिने सगळं अगदी तसंच केलं होतं. नातवाने फोन करून विचारलं, तुमच्याकडे एखादी चांगली प्रत असेल का?

माझ्याकडे होती. मी दहा वर्षांची असताना दुरुस्त केलेली.

“खोटं बोलायचं नाही,” नणंद मला म्हणाली, “आणि विचारल्याशिवाय खरं सांगायचं नाही. वकिली म्हणजे एवढंच असतं, उगाच पाच वर्षं शिकवतात.” मी म्हटलं, माझं ठीक आहे, बाईंचं काय? मूळ लेखिका म्हणून बाईंची सहीही लागणार होती. त्या बाईंनी आयुष्यात कुणाचा अर्धा मार्कसुद्धा वाढवलेला नाही.

सहीच्या दिवशी बाई, नणंद आणि मी समोर, आणि नातू भिंग घेऊन बसला. पाठीमागे भिंतीवर आजोबांचा फोटो आणि शेजारी पुढच्या वर्षीच्या रोजनिशांचे नमुने. प्रत्येक पान तो उजेडाकडे धरून बघायचा, मान डोलवायचा आणि सही करायचा. हेच पुस्तक वाचत मी लहानाचा मोठा झालो, असं त्याने आम्हाला सांगितलं. तिसऱ्या पानावर तो थांबला. कोपऱ्यात शाळेचा जांभळा शिक्का होता. मूळ पुस्तकात हा नव्हता, तो काढून टाकावा लागेल, असं त्याने बजावलं. त्याची नजर किती बारीक आहे याचं व्यवस्थापकाने कौतुक केलं. अकराव्या पानावर एक माशी चिरडलेली होती. तिच्यावर बराच खल झाला. ती छापलेली नसून खरीच आहे, हे मी नखाने दाखवलं.

मग कोळ्याचं पान आलं.

चित्रकाराचे सहा पाय तारेसारखे सरळ होते. माझे दोन सात-सात पेरांचे, आणि डावा उजव्यापेक्षा जरा जाड; त्या दिवशी टाकाला शाई जास्त लागली होती. पंचेचाळीस वर्षांनंतरही दोन काळे रंग वेगळे दिसत होते. नातवाने भिंग पुढे घेतलं, मागे घेतलं. त्याचे आजोबा असंच करायचे म्हणतात.

“ह्या चित्राला मी फार घाबरायचो,” तो म्हणाला. “पण काहीतरी...”

“पाय मोज,” बाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांचा तो मालक खुर्चीत ताठ झाला आणि त्याने बोट ठेवून मोजले. “आठ.”

“कवितेत किती?”

त्याने कविता वाचली. ओठ हलवत वाचली, म्हणजे बहुधा पहिल्यांदाच. “आठच.”

“कोळ्याला असतात किती?”

तो व्यवस्थापकाकडे बघू लागला. व्यवस्थापक रोजनिशांकडे. माझ्या नणंदेने हलकेच माझ्या पायावर पाय दिला. ओरडू नये म्हणून की हसू नये म्हणून, कळलं नाही.

“आठ असतील,” तो म्हणाला.

“असतील नाही, असतात. एक जाड आहे, एक बारीक आहे, काळा रंग दोन तऱ्हेचा आहे. तुला हे चित्र चुकलेलं वाटत असेल तर सही करू नकोस.”

बाईंनी ताटात वाढून दिलं होतं. मी खाली बघितलं. नातू मात्र दुखावल्यासारखा झाला. आजोबांनी चुकीचं चित्र छापलं असं कुणी सुचवावं, हे त्याला आवडलं नाही. “चुकलेलं कसं असेल? आमच्याकडे चुका होत नव्हत्या,” तो म्हणाला, आणि त्याने सगळ्यात मोठी सही त्या पानावर केली.

शिक्का पुसून, माशी खरवडून, पुस्तक पुढच्या महिन्यात सगळ्यांसाठी खुलं झालं. बाईंनी कोळी पडद्यावर मोठा करून घेतला आणि मान तिरकी करून दोन्ही कडांनी पाहिला. जाड पाय कुणाचा, असं विचारलं. माझा, म्हटलं. वर्गातही तू शाई जास्तच घ्यायचीस, म्हणाल्या.

तीन आठवड्यांत पुस्तक हजारो लोकांनी उतरवून घेतलं. आभाराची पत्रं चार आली. पाचवं तक्रारीचं होतं. एका बाईने लिहिलं होतं की लहानपणी तिच्याकडे हेच पुस्तक होतं, अजूनही आहे, आणि त्यातल्या कोळ्याला सहाच पाय आहेत. तुम्ही आमच्या बालपणाशी खेळ केलात, मूळ चित्र ताबडतोब परत आणा, नाहीतर मी स्वतःच्या प्रतीचे फोटो टाकते. पुरावा म्हणून एक फोटो जोडला होता. कोळी सहा पायांवर मजेत उभा होता.

नणंदेने पत्र वाचलं आणि म्हणाली, टाकू शकते ती. मोकळं म्हणजे मोकळं.

त्या दिवशी बाईंना अक्षरं दिसेनाशी झाली होती, म्हणून पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना वाईट वाटेल या भीतीने “बालपणाशी खेळ” वगळणार होते, पण वगळलेलं त्यांना कळतं.

“राहते कुठे ती?”

दोन बस बदलून जावं लागेल, मी सांगितलं.

“तिला कळव, आम्ही मूळ प्रत बघायला येतोय. आणि वही आण, ती कपाटावर आहे.” त्यांनी टेबलाच्या खणात चाचपून शाईची बाटली काढली, कानाशी धरून हलवून पाहिली. “सहाशे बारावा. शाई कमी घे या वेळी.”