उजव्या कानातलं गाणं

सासूबाईंनी प्लेअर सुनेच्या पुढ्यात ठेवला. "बघ गं जरा, ह्यांचा आवाज गेलाय. नुसतं व्हायोलिन वाजतंय."

सासरे जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि त्यांच्या गाण्याचं घरात एवढं एकच रेकॉर्डिंग होतं. व्हायोलिन वाजवणाऱ्या मित्राला घेऊन तरुणपणी केलेलं. मुलानं ते हौसेनं या काडेपेटीएवढ्या प्लेअरमध्ये भरून दिलं होतं. आणखी कुठेतरी एक प्रत ठेवावी, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. या घराचं नेहमीचंच, वरातीमागून घोडं.

सून रात्रपाळीची नर्स. नुकतीच घरी आली होती, डोळ्यांवर झापड होती. तरी तिनं इअरफोन दोन्ही कानांत घातले. सासरे खणखणीत गात होते.

"येतोय की आवाज, आई."

सासूबाईंनी ऐकलं आणि मान हलवली. "नाही."

मग काय, उपचार सुरू झाले. सुनेनं कापूस स्पिरिटमध्ये भिजवून पिन पुसली, प्लेअर बंद करून पुन्हा चालू केला, स्वतःचे नवे इअरफोन लावून दिले. तिला स्वच्छ ऐकू यायचं, सासूबाईंना नाही. आता यांचे कानच तपासून घ्यावेत, असं तिच्या मनात आलं, पण हे तोंडावर सांगायचं कुणी?

"परत एकदा ऐका बरं," ती म्हणाली आणि या खेपेला नीट बघत राहिली.

सासूबाई सोफ्यावर आपल्या जागी बसल्या. इअरफोनचं एक बोंडूक उजव्या कानात घातलं. दुसरं शेजारच्या रिकाम्या जागेवर हलकेच ठेवलं आणि डोळे मिटले.

"आई, ते दुसरं?"

"ते ह्यांचं." सासूबाईंनी डोळे न उघडताच सांगितलं.

सुनेनं ते उचलून कानाला लावलं. त्यात नुसते सासरे होते. दोन माइक, दोन बाजू. गाणं डावीकडे, व्हायोलिन उजवीकडे. प्लेअर ठणठणीत होता.

"आई, तुमच्या बाजूला पहिल्यापासून व्हायोलिनच आहे."

"काहीतरीच काय. रोज दुपारी ऐकायचे ना मी ह्यांना."

रोज दुपारी. सून तेव्हा पलीकडच्या खोलीत झोपायची. तिची झोप मोडू नये म्हणून तर हे इअरफोन आणलेले. तरी भिंतीतून गुणगुण यायचीच, आणि ती चरफडत उशी कानावर घ्यायची. त्या उशीची तिला आता लाज वाटली.

"बाबा तुमच्या शेजारी बसून गायचे, आई. हळू आवाजात. मला ऐकू यायचं."

सुनेनं डावं बोंडूक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते भीत भीत कानात घातलं आणि बराच वेळ ऐकलं. डोळे भरून आले.

"हा नव्हे," त्या म्हणाल्या. "हा तरणाबांड आहे, एकही सूर चुकत नाही. मी ऐकायचे तो खोकायचा मधेच. दुसरं कडवं विसरायचा."

सुनेनं प्लेअर बंद करायला हात पुढे केला.

"असू दे गं," सासूबाईंनी तिचा हात धरला आणि तिला त्या रिकाम्या जागेवर बसवलं. "यालाच बघून तर हो म्हटलं होतं मी."